दुसरा खण

कडक मावशींचा चहा जास्त कडक की जीभ, यावर व्यसनमुक्ती केंद्रात कायम वाद असे. केंद्राचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं आणि तिथे त्यांना विचारल्याशिवाय माशीसुद्धा बसत नसे. नवा दाखल झालेला माणूस थरथरत्या हाताने कप घ्यायला आला की मावशी म्हणायच्या, "पिताना गोड लागलं ना? आता भोगा!" बोलायच्या असं, पण कप मात्र अर्धाच भरायच्या. सांडून बिचाऱ्याचा हात भाजायला नको.

नशेचा त्यांना राग होता, आणि का नसावा? नवऱ्याने दारूपायी संसाराची माती केली, शेवटी स्वतःचीही. तो गेल्यावर मावशींचा डोळ्याला डोळा लागेना, तेव्हा कुणा डॉक्टरने झोपेची एक छोटी गोळी दिली होती. थोडे दिवस घ्या, म्हणाला. ते थोडे दिवस काही संपले नाहीत, उलट एकीच्या दोन झाल्या. पण ते पडलं औषध. औषधाला कोण नावं ठेवतं?

ठेवली त्यांच्या लेकीने. तिला दिवस गेले होते आणि बाळाला सांभाळायला आपणच जाणार म्हणून मावशींचे पाय जमिनीवर नव्हते. तर लेक खाली बघून म्हणाली, "आई, सासूबाईंना बोलावलंय मी."

"का गं? मी काय मेले?"

"तसं नाही. मागे तुझ्याकडे राहिले होते, तेव्हा पोटात दुखायला लागलं. तुझ्या शेजारीच होते मी. हाका मारल्या, गदागदा हलवलं, तू उठली नाहीस. बाळ रडलं तर उठशील का, सांग ना."

मावशी उठल्या आणि घासलेलीच भांडी परत घासायला बसल्या.

त्याच आठवड्यात त्या चहा घेऊन केंद्रातल्या वर्गात गेल्या. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर खण आखले होते. "मेंदूवर काम करणारे पदार्थ ते काय करतात त्यावरून ओळखायचे," त्या सांगत होत्या. "पहिल्या खणात मेंदूला पळवणारे, उत्तेजक. तंबाखू, कोकेन. चहा-कॉफीही इथेच."

"अहो बाई!" मावशींनी ट्रे आदळला. "माझ्या चहाला कोकेनच्या पंगतीला बसवता?"

"पंगत एक, ताकद वेगळी, मावशी. पण संध्याकाळी तुमचा चहा पिऊन लवकर झोपलेला माणूस दाखवा मला."

वर्ग खो खो हसला. दुसरा खण मेंदूला मंदावणाऱ्यांचा. तिसऱ्यात अफूचं घराणं: दुखणं पुसतं, सुख देतं आणि जास्त झालं तर श्वासही थांबवतं. चौथ्यात नसलेलं दाखवणारे, भास घडवणारे. गांजा मात्र बाईंनी रेघेवरच लिहिला, कारण तो थोडा इकडचा, थोडा तिकडचा. "आमच्या मेव्हण्यासारखा," दारू सोडायला आलेला एक शिंपी म्हणाला.

मावशीही हसत होत्या, त्या एकदम थांबल्या. दुसऱ्या खणात वर लिहिलं होतं दारू, आणि तिच्या अगदी खाली, झोपेच्या गोळ्या.

"बाई, हे चुकलं तुमचं. ते औषध आहे."

"आहेच की. वेळेपुरतं घेतलं तर गुणाचं. पण मेंदू डॉक्टरची चिठ्ठी वाचत नाही, मावशी. रोज मिळालं की सवय लावून घेतो, मग त्याच्यावाचून अडून बसतो."

नवऱ्याची दारू आणि आपली गोळी एका माळेचे मणी! मावशी घरी गेल्या त्या तडक, आणि सगळ्या गोळ्या कचऱ्यात. एक घाव दोन तुकडे, हा त्यांचा स्वभावच.

दोन-तीन दिवसांत अंगाला घाम, छातीत धडधड, झोपेचा पत्ता नाही. चहा ओतताना निम्मा ओट्यावर गेला. शिंप्याने पुढे होऊन किटली काढून घेतली आणि हळूच विचारलं, "मावशी, कुठली बंद केलीत?"

"कसली बंद? थंडी वाजतेय."

"मला नका शिकवू. ही थंडी मी अंगावर काढलीय." त्याने एक कप अर्धाच भरला आणि त्यांच्या हातात दिला. "प्या, आणि चला बाईंकडे."

डॉक्टरीणबाई आधी घाबरल्या, मग रागावल्या. "असं एकदम तोडतात का? झटके येतात, जिवावर बेततं. दारूचंही तसंच असतं. गॅस बंद नाही करायचा, आच कमी करत न्यायची. मी सांगेन तशी."

"माझ्या नवऱ्यानेही सोडली होती एकदा," मावशी म्हणाल्या. "माझी शपथ घेऊन, एका दिवसात. मग असाच कापायला लागला. मी म्हटलं, नाटकं करतोय. म्हणून परत गेला तो गुत्त्यावर." आणि त्या ढसाढसा रडल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं.

मग गोळीचे तुकडे होत गेले, दोनाची दीड, मग एक, अर्धी, चतकोर. दुपारनंतरचा चहाही बंद झाला, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त जड गेलं. कधीकधी मावशी अंथरुणात उठून बसत आणि डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. बाळाला यायला अवकाश होता, तोच कामी आला. केंद्रात नवा माणूस आला की "भोगा" म्हणणं मात्र थांबलं. "हळूहळू घे रे बाबा," एवढंच म्हणत.

शेवटचा तुकडाही सुटल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "सासूबाईंना बोलाव किंवा नको बोलावूस. पण एकदा राहा माझ्याकडे, आणि हाक मारून बघ."

लेक राहिली. अंधारात अगदी हळू म्हणाली, "आई."

"काय गं? दुखतंय का?"

लेकीने नुसता आईचा हात धरला. सासूबाईंना तिने कळवलं, थोडं उशिरा आलात तरी चालेल.

बाळ घरी आलं. पहिल्या सकाळी लेकीने डोळे उघडले तर पाळणा रिकामा. धावत स्वयंपाकघरात गेली, तर मावशी खिडकीशी, खांद्यावर नात, डोळे जागरणाने लालबुंद.

"तुझी लेक पहिल्या खणातली आहे हो," त्या कुजबुजल्या. "डोळा म्हणून लागू दिला नाही."

"मला कशी जाग नाही आली?"

"तुला कशाला येईल?" मावशी म्हणाल्या. "मी पहिल्या हाकेला उठत होते ना."