मे महिन्यातला नमुना

खाडीकाठच्या त्या गावाच्या विहिरीचा नमुना मी स्वतः भरून आणला होता, त्यामुळे बाटली बदलली असेल असं म्हणायलाही जागा नव्हती. पनवेलच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम करते. क्षार मोजायचे म्हणजे पिवळ्या पाण्यात औषध थेंबाथेंबाने सोडायचं आणि रंग विटकरी झाला की थांबायचं; जितके थेंब जास्त, तितकं पाणी खारं. त्या दिवशी रंग बदलेचना. पुन्हा भरलं, पुन्हा सोडलं. विटकरी झाला तेव्हा पाणी पिण्याच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलं होतं.

आणि याच विहिरीला ऑक्टोबरमध्ये मी 'पिण्यायोग्य' म्हणून सही दिली होती. तीही खरीच होती. पावसाचं पाणी विहिरीत असेपर्यंत ती गोडच असते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की खाडी आत शिरते.

राज्याच्या पाणी मंडळाचा तेव्हाचा नियम असा, की नळयोजनेला निधी हवा असेल तर पावसाळ्यानंतरचा एक अहवाल पुरे. मंडळाची निधीवाटपाची बैठक त्या शुक्रवारी पनवेलमध्येच होती आणि या गावाचं नाव यादीत वरच होतं. मेचा नमुना मी नेहमीच्या फेरीत घेतला होता. तो कुणी मागितलेला नव्हता.

मी रिपोर्ट घेऊन प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेले. त्यांनी तो वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला.

"मॅडम, नियमात ऑक्टोबर लिहिलंय ना? मग हा फाइलला लावायचं कारण काय?"

"साहेब, चार महिने तिथं खारट पाणी येणार. नळातून येणार, आपल्या सहीने."

"आणि लावलात तर बाराही महिने काही येणार नाही. विचार करा."

विचार करायला दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी त्या गावच्या सरपंचबाईच प्रयोगशाळेत आल्या. बातमी कशी पोचली देव जाणे. मिठागरात राबलेल्या घरातली बाई, पन्नाशीची, कधी आवाज न चढवणारी. माझ्या समोरच्या स्टुलावर बसल्या.

"ताई, ह्यो कागद नका लावू. आठ महिने तरी गोडा पानी नलाला येल. आमचे पोरी डोक्यावर हांडे घेऊन किती वर्सं चालनार?"

"आणि उन्हाळ्यात?"

"उनाल्यात आमी आजपन तोच पितो. तुमी आमाला नवीन काय सांगता?"

त्या उठल्या, दारापाशी थांबल्या. "तुमच्या घरी पानी हाय, म्हणून तुमाला खरा लिवता येता," म्हणाल्या आणि गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं झालं असतं.

गुरुवारी संध्याकाळी फाइल बंद व्हायच्या आधी मी रिपोर्ट लावला. धाडस वगैरे काही वाटलं नाही.

बैठकीत मंडळाच्या अध्यक्षांनी पान उलटलं आणि वाचता वाचता थांबले. "एकाच विहिरीचे दोन रिपोर्ट? दुसरा कुणाचा?"

मी उभी राहिले. साहेब समोर बघत होते. माझ्या मागे दोन खुर्च्या सोडून सरपंचबाई होत्या, त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी सांगितलं, पाणी कधी गोड असतं, कधी नसतं, आणि नियम फक्त गोड महिना बघतो. अध्यक्षांनी सरपंचबाईंना विचारलं, "मे महिन्यात तुम्ही हे पाणी पिता?"

खोटं बोलल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता.

"पितो," त्या म्हणाल्या. "दुसरा हाय काय?"

गावाचं नाव त्या दिवशी यादीतून निघालं.

काही महिन्यांनी मंडळाचं परिपत्रक आलं. विहिरीवरच्या योजनेला आता उन्हाळ्यातला नमुनाही सक्तीचा, आणि जिथं पाणी खारं निघेल त्या गावांना मोठ्या जलवाहिनीवरून जोडण्यासाठी वेगळा निधी. साहेबांनी परिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं. "तुमच्यामुळे झालं म्हणायचं," ते म्हणाले, आणि ते कौतुक होतं की नव्हतं हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की परिपत्रकातून पाणी येत नाही.

जलवाहिनी त्या गावात पोचायला दोन उन्हाळे गेले. तेवढे दिवस टँकर. न्हावा शेवा बंदराच्या कंटेनरांच्या रांगेत तो अडकला की बाया दुपारभर रस्त्यावर.

नळ आल्यावर पहिला नमुना घ्यायला मीच गेले. त्या बाई आता सरपंच नव्हत्या. त्यांच्या अंगणातल्या नळाखाली सून भांडी घासत होती. मला बघून त्यांनी सुनेला बाजूला व्हायला सांगितलं.

"दोन उनाले आमी टँकरमागं धावलो, ताई. त्यो कंच्या कागदावर लिवलाय?"

"कुठंच नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मी नळ सोडला. पाणी थोडं वाहू देऊन मग बाटली भरायची असते. तेवढा वेळ आम्ही दोघी नळाजवळ उभ्या होतो.