सारखी पट्टी, सारखं वारं

देवाची भांडी मी चिंच लावून घासत होते. समई झाली, घंटा झाली, ताम्हन अजून काळंच होतं. तेवढ्यात धाकटे दीर जोतीराम भावजी पगाराची चिठ्ठी नाचवत दारात उभे.

"वैनी, बघा! एरवी व्यवसाय कर दोनशे कापत्यात, फेब्रुवारीत तीनशे. दिवस कमी, कापणी जास्त! आन् राजवर्धन सायबाचं किती कापलं? तीनशेच!"

भावजी दूध केंद्राच्या फाटकावर राखणीला आहेत. पत्र्याची खोली, परवा उन्हानं चक्कर येऊन तिथंच आडवे झाले. पंखा मागितला, तर केंद्राचे राजवर्धन साहेब म्हणाले, "बघू." साहेबांच्या खोलीत मात्र कूलर.

म्हसोबाच्या जत्रेची पट्टी घरोघर फिरून भावजीच गोळा करतात. बकऱ्याचे वाटे असे लावतात की नळीचं हाडसुद्धा कुणाला जास्त जाणार नाही. सारखी पट्टी, सारखा वाटा. देवाशपथ, याच्यापुढं त्यांना दुसरा कायदा ठाऊक नाही.

"मग कूलरचा वाटा माझा हाय का न्हाई?" म्हणून तावातावानं गेले.

पुढचं मला अंजनानं सांगितलं. ती तिथं दुधाचे कॅन धुते. भावजींनी स्टूल उचललं आणि थेट साहेबांच्या कूलरसमोर मांडलं.

"फाटकावर कोण?" साहेब म्हणाले.

"हितनं दिसतंय की फाटक."

भावजींचा हिशेब ऐकून साहेब हसले. "जोतीराम, व्यवसाय कर सारखा, कबूल. पण मला वर आयकरबी हाय. त्यात असले दोन कूलर येतील."

भावजींनी जरा विचार केला आणि स्टूल हातभर मागं घेतलं. "बरं. तुमाला तोंडावर वारं, मला पाठीवर."

अंजना दारातच होती. "आवं भाऊ, बायकांना माझ्याएवढ्या पगाराला कर माफ हाय. माझी पट्टीच न्हाई. मग मी काय श्वासबी घ्यायचा न्हाई व्हय? जत्रंत माझी पट्टी तुमीच माफ करता. तवा पयला वाटा कुणाच्या घरी येतो?"

अंजनाचा नवरा गेल्यापासून तिच्या घरी पहिला वाटा भावजीच पोचवतात, आणि तोही काळजाच्या तुकड्यासकट.

"मग कूलर अंजनाबाईंचा!" साहेब गमतीनं बोलून गेले.

"नेमानं तसंच हुतंय," म्हणत भावजी उठले, कूलरची पिन काढली आणि ढकलत चालले कॅनच्या शेडकडं. पाणी सांडतंय, साहेबांचे कागद उडतायत, आणि साहेब मागं, "अवं थांबा! दोन पंखे आणा. एक तिच्या शेडात, एक फाटकावर. पण माझा कूलर ठेवा जागेवर!"

भावजींनी तिथल्या तिथं साहेबांकडून दोन पंख्यांची चिठ्ठी लिहून घेतली, मग कूलर परत फिरवला.

उद्या पहिल्या एसटीनं ते वडूजला पंखे आणायला जाणार आहेत.