लिनबाईच्या विमानातून काय काय काढलं

द्वारका पेडणेकरला वस्तू उलटी करून बघायची खोड होती. कुवेतच्या मंगफ भागातल्या त्यांच्या इमारतीत कुणी नवा सोफा आणला, की बाकीच्या बायका रंगाचं कौतुक करायच्या आणि ही बाई सरळ गादी उचलून खालची शिलाई बघायची, मग बसायची. शत्रुघ्न, तिचा नवरा, अशा वेळी खिडकीबाहेर बघत राहायचा. तिला टोकलं तर म्हणायची, वरून सगळेच नटवतात हो, खरं काय ते खाली असतं. लेक तेजस्वी कुवेतच्या शाळेत वाढलेली, ती इंग्रजीतून दटावायची, "ममा, प्लीज, नॉट हिअर." पण ज्याला प्रश्नच पडत नाहीत असा माणूस दिवस काढतो तरी कसा, हे द्वारकाला खरोखरच कळत नसे.

शत्रुघ्न आखाती लढाईनंतर, ब्याण्णव साली, वेल्डर म्हणून कुवेतला आला. सात वर्षं तो पाच जणांच्या खोलीत बॅचलर म्हणून राहिला आणि द्वारका वेंगुर्ल्याला सासू-सासऱ्यांजवळ. नवरा म्हणजे दीड-दोन वर्षांनी महिनाभर येणारा पाहुणा. एकदा असाच तो सुट्टीवर आला आणि चार वर्षांच्या तेजस्वीने त्याला दारात "काका" म्हणून हाक मारली. सगळ्यांसमोर द्वारका हसली, आणि न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली. नव्याण्णव साली मायलेकी कुवेतला आल्या त्या, आता काही झालं तरी तिघांनी एका छपराखाली राहायचं, असं ठरवूनच.

पण शत्रुघ्नच्या पगारात घरभाडं आणि गावचं भागायचं, शाळेची फी भागत नसे. म्हणून तिने शुवैखच्या एका कारखान्यात शिलाईचं काम धरलं. मुलाखतीला गेली तिथेही तिने समोरची गादी उलटी केली आणि हा टाका टिकायचा नाही, असं तोंडावर सांगितलं. सुपरवायझर यासिर म्हसळ्याचा, बडबड्या आणि दिलदार माणूस. त्याला हसू आलं आणि त्याने तिला घेतली. हिचा पगार चालू तोवर शाळा चालू, शाळा चालू तोवर तिघं एकत्र, इतकं ते सरळ होतं.

कारखान्यात आधी कुवेती घरांच्या दिवाणियांच्या, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या दालनांच्या, गाद्या शिवायचे. पुढे विमानांच्या सीटची कव्हरं शिवू लागले. दोन हजार पाच साली ते काम आटलं. मालक महिनोन्‌महिने तोंड दाखवेना आणि आज ना उद्या टाळं लागणार अशी कुजबुज सुरू झाली. अशात एक चिनी बाई आली.

त्याचं असं झालं होतं, की कुवेत सिटीतली एक कंपनी विमानं विकत घ्यायची आणि जगभर भाड्याने द्यायची. तिची तीन विमानं चीनमधल्या एका नव्याकोऱ्या विमान कंपनीने घेतली होती. चीनमध्ये विमानं म्हणजे सरकारची, ही तोवरची रीत. खासगी माणसाला परवानगी मिळून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. या कंपनीचा मालक आधी लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवायचा. कंपनीचं नाव कारखान्यात कुणाच्याच जिभेला वळेना, तेव्हा ही कव्हरं बघायला आलेल्या लिन नावाच्या बाईवरून सगळे "लिनबाईची विमानं" म्हणू लागले.

लिनबाई चाळिशीची, ठेंगणी, पायात कापडी बूट. तिने नमुन्याच्या तीन-तीन सीटांच्या दोन रांगा कारखान्यात एकामागे एक मांडायला लावल्या. द्वारकाने जीव ओतून त्यांची कव्हरं शिवली होती आणि, कुणी सांगितलं नसताना, आत बोटभर जादा स्पंज घातला होता. येणारा माणूस पाहुणाच ना, बसू दे बापडा मऊ. दिवाणियाच्या गाद्यांना ती असंच करायची आणि लोक दुवा द्यायचे.

लिनबाई बसली, तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकले, ती उठली आणि नापास म्हणून मोकळी झाली. द्वारकाच्या पायाखालची जमीनच सरकली. एवढ्या एका बोटापायी कारखाना जाणार, शाळा जाणार, आपण परत वेंगुर्ल्याला. पण घाबरलेली असली तरी ती द्वारका. तिने यासिरला म्हटलं, विचारा तिला, मऊ सीट नको असणारी ही कसली माणसं?

लिनबाईला हा प्रश्न फार आवडला. ती इंग्रजी बोलायची, यासिर मराठीत सांगायचा. म्हणाली, एक बोट मागे, एक बोट पुढे, अशी बोटं वाचवली तर विमानात अख्ख्या रांगा वाढतात. स्पंज हलका वाटतो, पण सगळ्या सीटांचा मिळून वाढणारा भार विमान दिवसातून पाच-सहा वेळा उचलतं आणि तेवढं तेल पितं. आमच्याकडे पहिला वर्ग नाही, जेवण नाही, पाण्याची लहान बाटली तेवढी मिळते. विमानं सगळी एकाच जातीची, म्हणजे एकाचा स्क्रू दुसऱ्याला चालतो. उतरलं की हवाई सुंदऱ्याच झाडू घेतात आणि प्रवासी बाहेर पडेपर्यंत अर्धं विमान झाडून होतं. उडालं की त्याच सुंदऱ्या चढाओढीने टॉवेल आणि खेळणी विकतात.

"म्हणजे एस.टी.च की हो," द्वारका म्हणाली. यासिरने याचं काय भाषांतर केलं कोण जाणे, पण लिनबाईने जोरजोरात मान हलवली. तिकीट रेल्वेइतकं व्हायला हवं, असं ती म्हणाली. जन्मात विमानात न बसलेली माणसं आमची गिऱ्हाइकं, त्यांना मऊ काय अन् कडक काय.

दुसऱ्या दिवशी द्वारकाने स्पंज काढून नमुना नव्याने शिवला. लिनबाई स्वतः रांगेत बसली, एका बाजूला यासिरला बसवलं, मधे द्वारकाला, आणि तिघांनी पट्टे बांधून तिथल्या तिथे दोन तास काढले. शुवैखमध्ये, पंख्याखाली, कुठेही न जाता. बाकीचा कारखाना हसून हसून बेजार. द्वारकाने त्या दोन तासांत विमान कंपनीची आतडी बाहेर काढली. पायलट मिळतात कुठून, पाऊस असला तर काय, फुकट जेवण नाही म्हणून भांडतं का कुणी? शेवटी यासिर दमला आणि झोपी गेला. नमुना पास झाला.

त्यानंतर लिनबाई दर सहा महिन्यांनी यायची. तिच्या मालकाची एक शिस्त होती. दर सहामाहीला प्रत्येक खात्याने विमानातली अशी एक गोष्ट शोधायची, जी काढली तरी कुणाचं अडणार नाही. लिनबाई ती शोधायला स्वतःच्या कचेरीऐवजी शुवैखला येऊन द्वारकाला विचारायची, आणखी काय काढता येईल? द्वारकाला तर हा खेळच मिळाला. पुढच्या खेपेला तिने गुडघ्याशी येणारा मासिकांचा खिसा काढून वरती डोक्याशी लावला. मग डोक्यामागचं वेगळं धुवायचं कापड काढलं. मग कव्हराची चेन काढली, कारण तीच आधी बिघडते, आणि तिथे व्हेल्क्रोची चिकटपट्टी बसवली. तीन विमानांची आठ झाली, आठांची पंधरा झाली. कारखान्यात नव्या मशीनी आल्या. चिनी विमान कंपनी मोठी होतेय याचा मंगफमध्ये राहून कुणाला एवढा अभिमान वाटला असेल असं वाटत नाही, पण द्वारकाला वाटायचा. घरी जेवताना ती तेच सांगत बसायची आणि शत्रुघ्न म्हणायचा, अगो, तुला काय नफ्यात हिस्सा देतात काय?

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात एके दिवशी कारखान्याच्या बसमधून कामावर जाताना पुढे बसलेल्या, तिच्याबरोबर शिलाईला असणाऱ्या चंपाच्या हातून थर्मासमधला चहा सीटवर सांडला. ड्रायव्हरने सिग्नलला गाडी थांबली तेव्हा फडकं फेकलं, चंपाने रेक्झीन पुसलं, झालं. द्वारका त्या सीटकडे बघत राहिली. विमानात चहा सांडला तर कव्हर काढायचं, धुवायला पाठवायचं, तोवर दुसरं चढवायचं. एकेका सीटमागे कव्हरांचे दोन-दोन जोड. आणि इथे नुसतं फडकं. सांगाड्यावर पातळ रेक्झीन कायमचं चिकटवून टाकलं तर? मग कव्हरच नको.

कव्हर नको म्हणजे कारखाना नको. नशीब माझं, म्हणाली मनाशी, आख्ख्या बसमध्ये हे मलाच कसं सुचलं! उतरल्यावर तिने यासिरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, द्वारकाताई, या वेळी तुम्हाला काही सुचलेलं नाही, समजलात? त्याचीही दोन मुलं कुवेतच्या शाळेत होती. द्वारका हो म्हणाली, आणि खरंच गप्प बसायचं तिने ठरवलं होतं.

लिनबाई आली ती थकलेली दिसत होती. चहा झाला, कव्हरं बघून झाली. गप्पांत द्वारकाने सवयीने विचारलं, आता विमानं नवीन कुठे जाणार? लिनबाई म्हणाली, तिच्या गावाकडे एक लहान विमानतळ झालाय, तिथे जायचा बेत होता. पण तिथली माणसं गरीब, तिकीट अजून थोडं उतरल्याशिवाय विमान भरायचं नाही, म्हणून मालकाने बेत बाजूला ठेवलाय. तिची आई तिकडे एकटी असते. लेकीकडे यायचं तर तीस तास रेल्वेत, तेही बसून. शेवटी म्हातारीने येणं सोडलं. लिनबाईलाही तेवढी सुट्टी मिळेना, दोन वर्षं झाली भेट नाही.

हे सांगून तिने पेन काढलं आणि नेहमीचं विचारलं. यासिर मराठीत द्वारकाला म्हणाला, नाही म्हणा. आणि तिची वाट न बघता त्याने आपणहून लिनबाईला सांगून टाकलं, की ही म्हणते आता काढण्यासारखं काही उरलं नाही. लिनबाईने मान हलवली आणि पेन बंद केलं. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट तिने खांदे सैल सोडले.

द्वारकाला यासिरचं इंग्रजी कळलं नाही, पण पेन बंद झालेलं दिसलं. ती उठली. समोरच्या नमुन्याच्या सीटवर तिने आपल्या कपातला उरलेला चहा ओतला. कापडाने तो पिऊन घेतला. मग तिने चिकटपट्ट्या उचकटून ते कव्हर काढलं, खाली टाकलं, टेबलावरचा रेक्झीनचा तुकडा उघड्या सीटवर पसरला आणि त्यावर यासिरचा चहा ओतला. पदराने एकदाच पुसलं. कोरडं.

"काय केलंत हे, ताई," यासिर हळूच म्हणाला.

लिनबाई जमिनीवरच्या कव्हराकडे बघत होती. मग ती बोलली, आणि यासिरने या वेळी शब्दाला शब्द लावून सांगितलं.

"ती म्हणते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमचा कारखाना बंद पडू नये म्हणून आमच्या कचेरीतसुद्धा कुणी हे बोलू नये असं बघत आले. दर वेळी तुमच्याकडून दुसरं काहीतरी निघालं की तेवढ्यावर सहा महिने भागायचे. म्हणून इतक्या लांब येऊन तुम्हालाच विचारत होते."

द्वारकाने जमिनीवरचं कव्हर उचललं. खिसा, डोक्यामागचं कापड, चेन. ती खेळ म्हणून काढत गेली होती, आणि त्या एकेका वस्तूवर तेजस्वीची शाळा सहा-सहा महिने चालली होती. सगळा कारखाना चालला होता. त्या ओल्या कव्हराला कुरवाळत ती हमसून हमसून रडली. लिनबाईचेही डोळे भरले, पण तिने पेन उघडलं आणि लिहिलं. लिहिणं भागच होतं, तिच्या जागी द्वारका असती तरी तिनेही लिहिलं असतं.

जुन्या विमानांच्या कव्हरांचं काम पुढच्या होळीपर्यंत पुरलं. मग कारखान्याला टाळं लागलं आणि यासिरने फहाहीलला पडद्यांच्या दुकानात नोकरी धरली. मायलेकींची वेंगुर्ल्याला परतायची तिकिटं काढून झाली, तेव्हा कुठे शत्रुघ्नने इतके महिने मनात ठेवलेलं विचारलं. तो काही चिडला नव्हता. परत पाच जणांच्या खोलीत जायचं होतं त्याला, पुसायचा हक्क होता.

"तू गप्प बसली असतीस तर?"

"तर तिने लिहिलं नसतं. अजून सहा महिने मिळाले असते. कदाचित वर्षही."

"मग बोललीस कशाला गो?"

द्वारका तेजस्वीची पुस्तकं बांधत होती. तिने दोरीची गाठ आवळली.

"तिची आई येऊ शकत नव्हती हो," ती म्हणाली. "आणि तुम्हाला काका म्हणालेली पोर मला आठवत होती. कुणाचं तरी एक तुटणारच होतं. आपल्याला तुटलेलं सांभाळायची सवय आहे."