सुंठेचा लेप

लेकीच्या खोलीत डोकावलो, तर आमचे जावई सहाणेवर सुंठ उगाळत बसले होते. सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या लेकीची अर्धशिशी सकाळपासून उठली होती. मी घाईने माझ्या गुडघेदुखीची गोळी पुढे केली.

"बाबा, ही नको. गरोदरपणात चालत नाही," जावई म्हणाले. "डॉक्टरांना विचारलंय. त्यांनी साधी पॅरासिटामॉल दिलीय, तीही सांगितली तेवढीच."

खोलीचे पडदेही त्यांनीच ओढले होते. सुंठ मात्र इतकी पातळ झाली की लेप लेकीच्या नाकावर ओघळला.

"भजी तळणार आहेस का माझी?" ती डोळे मिटूनच म्हणाली.

मी हसलो, पण मनात खजील झालो. हीच लेक पोटात असताना बायकोचं डोकं असंच ठणकायचं. 'या दिवसांत दुखायचंच' असं म्हणून मी रेडिओवर क्रिकेट ऐकत बसायचो. आवाजही कमी करत नसे. तिचं दुखणं मला फक्त तिचंच वाटायचं.

संध्याकाळी बायकोजवळ हे सारं कबूल केलं.

"तीस वर्षं लागली होय?" ती म्हणाली. "बरं, माझंही डोकं आज चढलंय. चहा टाका."

मी उत्साहाने उठलो. साखर कुठे असते, ते मात्र तिलाच विचारावं लागलं.