कोंबडी पाहायला आलेला साहेब

सत्तर सालानंतरची गोष्ट. नागपुरात जनावरांच्या दवाखान्यात मी नवा नवा डॉक्टर होतो आणि एखादा नवा रोग आपल्याच हातून सापडणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. एका सकाळी कुहीकडच्या खेड्यातली एक मावशी बसने आली आणि टोपलीभर मेलेली पिल्लं तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

"मानमोडीची सुई तं देली होती," ती म्हणाली. "मंग काहून मरून राहिले?"

मानमोडीत कोंबडीची मान पिळवटते. यांच्या माना सरळ होत्या. एक पिल्लू फाडलं, तर शेपटीजवळच्या आतल्या बाजूची बारीकशी पिशवी सुजून लाल झालेली. आमच्या मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि "मानमोडीच लिहा," म्हणून ते चहाला गेले. माझ्या मनात मात्र लाडू फुटत होते.

"माह्ये पिल्लं मेले अन् तुमी काहून हासून राहिले, बापू?" मावशीनं विचारलं. मी हसू आवरलं.

तिला एकच गोष्ट हवी होती. घरात अंडी जमवलेली होती, ती पुन्हा बसवावी की नाही? त्यातून निघणारी पिल्लंही अशीच जाणार असतील तर कोंबड्यांचा नादच सोडायचा, असं म्हणताना तिचे डोळे भरले. उत्तर द्यायला मला या रोगातून उठलेल्या कोंबडीचं रक्त तपासायला हवं होतं. "रविवारी कोंबडी पाहायला येतो," एवढंच मी सांगितलं.

रविवारी पिशवीत सुया आणि बर्फाचा थर्मास घेऊन पोचलो, तर अंगणात एक पीससुद्धा नाही. चुलीवर रस्सा रटरटत होता.

"बसा. कोंबडा कापला तुमच्यासाठी."

"अहो, मी पाहायला येतो म्हणालो होतो!"

"सारेच साहेब पाहालेच येतात. पाहून झालं का जेवतात."

"आजारातून उठलेला होता का तो?"

"हो न. पिल्लाइसंगं तोबी पडला होता."

मी खाली बसलो आणि ताटात आलेला माझा पुरावा खाल्ला. डोळ्यांना धार लागली, ती सगळीच तिखटाची नव्हती. मग तिला समजावून सांगितलं, की पंखाखालून थोडंसं रक्त घेतलं असतं, कोंबडा अंगणात हिंडत राहिला असता आणि अंड्यांचं उत्तरही मिळालं असतं.

"कापत नाई?"

"नाही."

"संगं नेत नाई?"

"नाही हो, मावशी."

मावशी उठली. मग आत जाऊन तिनं कोपऱ्यातलं उपडं टोपलं उचललं. खाली एक ठिपक्यांची तलंग, नुकती अंड्यावर आलेली तरणी कोंबडी, रागानं माझ्याकडे पाहत होती. तीही त्याच आजारातून उठलेली होती. साहेब आला की गाव चांगली कोंबडी लपवतं, हे मला ठाऊक होतं. तो साहेब मी असेन, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

रक्त मिळालं. तलंगीनं चोच मारून माझा अंगठा फोडला, तो हिशेब वेगळा.

मोठ्या प्रयोगशाळेतून कळलं, की ही मानमोडी नव्हे. हा आपल्याकडे नव्यानंच दिसू लागलेला रोग आहे. म्हणजे परदेशात त्याचं बारसं केव्हाच झालेलं होतं! मी दोन दिवस रुसून होतो. पण मावशीला निरोप धाडला: खुराडं खरवडून साफ करा, जुना भुसा जाळा, बाजारची पिल्लं मिसळू नका आणि त्या तलंगीचीच अंडी बसवा; रोगातून उठलेल्या आईची ताकद अंड्यातून पिल्लांना मिळते आणि सुरुवातीला पुरते.

दिवाळीनंतर न कळवताच गेलो. ठिपक्यांच्या कोंबडीमागे पिल्लांची रांग अंगणभर चालली होती. मावशी ओसरीवर तांदूळ निवडत होती. पिशवीवाला साहेब दारात पाहूनही ती उठली नाही.

"या, बापू," म्हणाली.

कोंबड्या अंगणातच राहिल्या. जेवायला वरण-भात होता.