नदीकाठचा फ्लेक्स

आमच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदी पाण्यासाठी कमी अन् भांडणासाठी जास्त कामी येते. अलीकडे अमरावती जिल्हा, पलीकडे वर्धा, मधे वाळूचं बेट. उन्हाळ्यात त्या बेटावर डांगरवाडी, म्हणजे टरबूज-काकडीचे वेल, कोणी लावायची यावरून माझे थोरले काका मोठेबाबा अन् पलीकडचा त्यांचा सख्खा साळा दरसाल हमरीतुमरीवर येतात.

यंदा मोठेबाबांनी चंगच बांधला. वाडी हातची गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं, हा एकच घोर. मी अकोल्याला राहणारा, शिकलेला, म्हणून मला फर्मान: "जुना सरकारी नकाशा मोबाईलात भेटते म्हनते. काढ. चांगला मोठ्ठा काढ!"

भेटला. स्वातंत्र्यानंतरच्या मोजणीचा, निळी नदी, तिच्यातून जिल्ह्याची तुटक हद्द. पण कागदावर छापेल तो आमचा माणूस कसला? आमच्याकडे बारशापासून तेरवीपर्यंत सगळं फ्लेक्सवर. अकोल्यातल्या जुन्या शहरातल्या फ्लेक्सवाल्याला फोटोशिवाय फ्लेक्स ठाऊकच नाही. त्यानं मोठेबाबांचा फोटो मागून घेतला अन् कोपऱ्यात चिकटवला, हात जोडलेला. खाली 'आपला नम्र'. मोठेबाबा फोटोवरच खूश. नकाशा वाचायची तसदी कोणी घेतली नाही. मीही नाही.

दोन बांबू रोवून फ्लेक्स नदीकाठी चढला. गाव जमलं, मोठेबाबांची बायको मोठीमायही आली. साळा पाण्यातून चालत आला अन् बोट फिरवत वाचू लागला.

"भाऊजी, या नकाशात नदी त तुमच्या गावाले खेटून वाहून राह्यली! मंग बेट आमचं. अन् तुमचा संत्र्याचा बगीचाबी आमच्याच बाजूले."

खरंच होतं. नदीनं मागाहून कूस बदलली होती.

"खोटा हाय थो नकाशा!" मोठेबाबा कडाडले.

"खोटा कसा? हात जोडून तुमीच त सांगून राह्यले."

गाव खो खो हसलं. मीही हसलो, अन् मोठेबाबांचा उतरलेला चेहरा पाहून जीव चुटपुटला.

साळ्याला मेव्हण्याची दया आली असावी. "वाडी यंदा माही," तो म्हणाला. "बगीचा राहू द्या. थो माह्या बहिणीचा हाय असं समजतो मी."

त्या झाडांना मोठीमायनं जन्मभर पाणी दिलं. तिचा बगीचा असं आमच्यात कोणी कधी म्हटलं नव्हतं. मोठेबाबांकडे पाहून ती म्हणाली, "बगीचा माहा म्हन्यासाठी नदीपलीकडून भावाले यावं लागलं."

मोठेबाबा बांबूवरून फ्लेक्स सोडवू लागले.