फोटोखाली अडकलेलं पान

संघमित्रा गेल्याची बातमी मला क्रांती चौकातल्या सिग्नलला, रिक्षात बसलेली असताना मोबाइलवर कळली. कॉलेजच्या ग्रुपवर आमच्या संस्थेच्या सचिवांनी तिचा फोटो टाकला होता. चारी बाजूंनी फुलं आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. आदल्याच संध्याकाळी आम्ही फोनवर बोललो होतो. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं, हे नंतर तिच्या भावाकडून समजलं. त्या वेळी मी नुसती त्या फोटोकडे बघत राहिले, आणि खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला राग आला. तो फोटो कुठला आहे ते मी ओळखलं होतं. तपासणी समिती आली होती तेव्हाच्या ग्रुप फोटोतून तिला कापून काढलं होतं आणि कोपऱ्यात सचिवांच्या खांद्यावरची शाल तशीच राहिली होती. इतकी वर्षं जिथं तिनं शिकवलं, तिथं तिचा एकटीचा असा एक फोटो कुणाकडे नव्हता. रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, ‘‘मॅडम, किधर लेना?’’ तेव्हा कुठं मी भानावर आले.

ती आमच्या कॉलेजात संगणक शिकवायची आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं शेजारी होती, एवढीच सुरुवात. मग एकत्र चहा आला, एकमेकींच्या घरी जाणं आलं, भांडणं तर रोजचीच. तिच्या विषयाचं सगळं मला कधी कळलं नाही, पण मोघम सांगायचं तर इंटरनेटवरचं पान नुसतं दिसायला न राहता त्यावर काहीतरी घडावं, बटण दाबलं की बेरीज व्हावी, नाव लिहिलं की उत्तर यावं, यासाठी जी स्क्रिप्ट लिहावी लागते ती ती शिकवायची. तीही अगदी नवख्यांना. घरात पहिल्यांदाच कुणीतरी कीबोर्डवर बोट ठेवतंय अशा मुली यायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांचं काहीतरी अडायचं, आणि हे आपल्या बसची बात नाही असं ठरवून त्या मागच्या बाकावर जायच्या. त्या मागच्या बाकाशी संघमित्राचं उभं वैर होतं.

लॅबमध्ये तिचं एक लाकडी स्टूल होतं. जिचं अडलं असेल तिच्याशेजारी ते ओढत न्यायचं, बसायचं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचे, ही तिची पद्धत. शिकणारीच्या कीबोर्डाला काही झालं तरी हात लावायचा नाही. मी एकदा म्हटलं, ‘‘अगं, दोन मिनिटांचं काम, करून टाक ना.’’ तर माझ्यावरच उखडली. ‘‘मी हात लावला की कोड नीट होतं, पोरगी हाय तिथंच राहती.’’ ‘चालत नाही’ एवढंच सांगणं तिला खपायचं नाही. तीन गोष्टी सांगायच्या: काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं आणि झालं काय. त्याच्याही आधी ब्राउझरचा कन्सोल उघडायचा. म्हणजे पानाच्या पोटात काय बिघडलं ते जिथं लाल अक्षरात उमटतं ती खिडकी. मुली ती लाल ओळ दिसली की घाईनं बंद करायच्या, नापासाची गुणपत्रिका दडवावी तशा. संघमित्रा ती मोठ्यानं वाचायला लावायची. ‘‘घाबरतीस काय? ती शिव्या देत नाय तुला. पत्ता सांगतीये. कितव्या ओळीत अडलं ते सांगायलीय, आन् तू तिच्याच तोंडावर दार लावतीस व्हय?’’

याच मुलींसाठी तिनं कॉलेजच्या वेबसाइटवर एक पान तयार केलं. नाव ठेवलं ‘कुठं अडलं?’ पुस्तकात अडचणींना जी नावं असतात ती तिनं घेतली नाहीत. मुली जसं म्हणतात तसंच लिहिलं. ‘बटण दाबलं तर काहीच होईना.’ ‘सगळं भरलं आन् पान कोरं झालं.’ ‘पाच आन् तीन त्रेपन्न कसे झाले?’ या शेवटच्यावर तिचा फार जीव होता. तिचे वडील वैजापूरच्या मोंढ्यात हमाल होते, म्हणून तिनं उदाहरण कांद्याच्या गोण्यांचं घेतलं होतं. एका चौकटीत पाच गोण्या लिहा, दुसरीत तीन, बटण दाबा, उत्तर येतं त्रेपन्न. कारण चौकटीत लिहिलेलं संगणक आकडा म्हणून वाचत नाही, अक्षर म्हणून वाचतो आणि शेजारीशेजारी चिकटवून देतो. आधी त्याला सांगावं लागतं की बाबा, हा आकडा आहे. प्रत्येक उत्तर ती मला वाचायला द्यायची. मी जिथं अडेन तिथं पेन्सिलीनं खूण करायचे आणि ती घरी जाऊन पुन्हा लिहून आणायची. ‘‘तुला कळलं म्हणजे कुणालाबी कळंल,’’ असं वर ऐकवायची. मी रागवायचे, पण पुढचा कागद मागून घ्यायचे.

त्या पानाला कॉलेजनं कसं वागवलं ते मी पाहिलं आहे. ‘मराठीत कोडिंग? समिती काय म्हणेल?’ हे सचिवांचं पहिलं वाक्य. तपासणी जवळ आली की वेबसाइटच्या पहिल्या पानावरून त्याचा दुवा गायब व्हायचा, पाहुण्यांपुढे पोरं आत पिटाळावीत तसा. समिती गेली की संघमित्रा ऑफिसात जाऊन भांडायची आणि तो परत लावून घ्यायची. दरवेळी. एकदा तर म्हणाली, ‘‘सुधा, माझी अर्धी नोकरी शिकवण्यात गेली आन् अर्धी ह्या एका ओळीसाठी भांडण्यात.’’ हसत म्हणाली, पण मला त्यात हसण्यासारखं तेव्हाही काही दिसलं नाही, आजही दिसत नाही.

आणि मग शोकसभा. फ्लेक्सवर तोच कापलेला फोटो, तीच शाल. सचिव बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘त्या समाजातून येऊनही मॅडमनी जी सेवा केली…’’ पुढचं मी ऐकलं नाही. पहिल्या रांगेत तिचा भाऊ बसला होता, मांडीवर हात ठेवून, समोर बघत. माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी चालली. त्या समाजातून येऊनही मी व्याकरण शिकवते, असं मला आजवर कुणी म्हणालं नाही. बाबासाहेबांच्या मागे धम्मात गेलेल्या घरातली ती मुलगी. वडिलांनी पाठीवर पोती वाहून तिला शिकवलं ते कुणी तिच्या नोकरीला सेवा म्हणावं यासाठी नाही. ती पगार घेऊन शिकवत होती आणि आम्हा बहुतेकांपेक्षा चांगलं शिकवत होती. सभेत मी हे बोलायला उठले, तेव्हा सूत्रसंचालकांनी वेळ संपल्याचं सांगितलं. म्हणून इथं लिहिते आहे.

पण खरी गंमत पुढं आहे. गंमत म्हणायची ती रागानं. संस्थेनं ठरवलं की मॅडमना श्रद्धांजली म्हणून त्यांच्या पानावर त्यांचा फोटो लावायचा. ‘कुठं अडलं?’ उघडलं की आता सगळं पान झाकून फोटो येतो, फुलं येतात, ‘प्रेरणास्थान’ असा शब्द येतो आणि खाली एक बटण येतं, ‘बंद करा’. ते दाबलं तर काहीच होत नाही. कितीही दाबा. फोटो हलत नाही आणि त्याच्याखाली तिनं लिहिलेलं सगळं अडकून पडलं आहे. मला वाटलं माझाच मोबाइल जुना. म्हणून मी लॅबमध्ये गेले. तिथं शेवटच्या वर्षाची रुबीना होती. तिनं कन्सोल उघडला आणि सवयीनं लाल ओळ मोठ्यानं वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘मॅडम, ये तो पहिलाच सवाल है. बटण दाबलं तर काहीच होईना.’’

तिनं मला समजावलं आणि मला ते लगेच समजलं, कारण ते उत्तर मी कागदावर पेन्सिल घेऊन वाचलेलं होतं. पान वरून खाली तयार होत जातं. ‘बंद करा’ला जी स्क्रिप्ट जोडायची ती वर लिहिली आणि बटण खाली ठेवलं, तर स्क्रिप्ट हाक मारते तेव्हा बटण अजून आलेलंच नसतं. मग ते येतं, दिसतं, पण त्याला कुणी काही सांगितलेलं नसतं. ती ओळ उचलून खाली नेली की झालं. संघमित्रा पहिल्या तासाला हेच शिकवायची. ‘‘माणूस घरी आल्यावर हाक मारावी,’’ असं पानावरही लिहिलंय. तिला श्रद्धांजली वाहताना तिच्याच पानावर तिचा पहिला धडा चुकवला, आणि त्याचं उत्तर त्याच फोटोखाली दाबून टाकलं.

मी वेबसाइट सांभाळणाऱ्या गृहस्थांना फोन केला. तीन गोष्टी नीट सांगितल्या: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ते म्हणाले, ‘‘फोटो तर व्यवस्थित दिसतोय की, मॅडम.’’ बटण दाबून पाहिलंत का, विचारलं, तर म्हणाले, सचिवांना विचारा. सचिवांच्या केबिनमध्ये गेले. त्यांना वाटलं मी फोटोच काढा म्हणते आहे. ‘‘लोक काय म्हणतील? राहू द्या काही महिने. आणि ते मराठी पान लागतंच कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘सर, फोटो ठेवा, पण बंद होऊ द्या. मुलींची प्रात्यक्षिक परीक्षा आलीय.’’ बघतो म्हणाले. ते वाक्य मी या संस्थेत इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा अर्थ मला पाठ आहे.

लॅबमधल्या मुलींनी मात्र वाट शोधली. ब्राउझरमध्ये पानाचा एखादा भाग आपल्यापुरता काढून टाकता येतो. पान पुन्हा उघडलं की तो परत येतो, मग पुन्हा काढायचा. मी दारात उभी राहून पाहिलं. एकेक मुलगी पान उघडते, संघमित्राचा चेहरा येतो, ती दोन-तीन बटणं दाबते आणि चेहरा जातो. रुबीनाला मी जरा जोरातच म्हणाले, ‘‘अगं, मॅडमना काय असं पुसून टाकता?’’ ती गोंधळली. म्हणाली, ‘‘क्या करे मॅडम, हटाए बगैर उनका लिखा हुआ दिखताच नै. हम सॉरी बोलके हटाते.’’ खरंच, तिच्या शेजारची पोरगी ओठातल्या ओठात सॉरी मॅडम म्हणत होती. मग मला रडू आलं. बातमी आली त्या दिवसापासून जे आलं नव्हतं ते तिथं आलं, सगळ्या पोरींसमोर.

पण ही वाट संगणकावर. फोनवर ती जमत नाही. चितेगावहून येणाऱ्या वैशालीकडे फोनच आहे. तास संपला की तिला बस गाठावी लागते आणि घरी गेल्यावर तिच्या हातात उरतात फोटो, फुलं आणि सचिवांची शाल. ती मला म्हणाली, ‘‘मॅडम होत्या तवा रात्री पान उघडून बसायचे. आता उघडलं की त्याच दिसत्यात, बोलंनात काही.’’

परवा मी पुन्हा लॅबमध्ये गेले. वैशाली एकटीच मागच्या बाकावर बसली होती. समोर पाटीसारखा कोरा पडदा, हात मांडीवर. मी आजूबाजूला बसायला काही शोधलं तेव्हा लक्षात आलं की संघमित्राचं स्टूल भिंतीशी नेऊन ठेवलंय आणि त्यावर तोच फोटो, चौकटीत, हार घातलेला. इतके दिवस माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. तिथं कुणी बसू नये अशी सोय करून ठेवली होती… मी हार नीट घडी करून ठेवला, फोटो उचलून कपाटावर ठेवला, स्टूल ओढत मागच्या बाकापाशी नेलं आणि बसले. दोन्ही हात पाठीमागे बांधले. वैशाली माझ्याकडे बघतच राहिली. मराठीची बाई काय सांगणार, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं आणि ते बरोबरच होतं.

‘‘काय केलं?’’ मी विचारलं.

‘‘फॉर्म केला. नाव, गाव, सगळं भरलं, बटण दाबलं.’’

‘‘काय व्हायला पाहिजे होतं?’’

‘‘खाली नाव दिसायला पाहिजे होतं.’’

‘‘मग झालं काय?’’

‘‘पान कोरं झालं. म्हणजे दिसतंय, पन लगेच जातंय. बटण दाबलं की…’’ ती थांबली. पडद्याकडे वळली. ‘‘म्हणजे मी काही करायच्या आधी फॉर्म आपला आपणच निघून चाललाय. त्याला थांबवायचंच राहिलं नं.’’ आणि ती लिहायला लागली. मला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मी हात पाठीमागेच ठेवले.

तर सचिवसाहेब, लॅबमधल्या स्टुलावरचा फोटो मी काढला आहे. कुणाला विचारत बसू नका. तो कपाटावर आहे, शालीसकट. स्टूल बसायला लागतं. पानावरचा आता तुम्ही काढा. वैशालीची परीक्षा याच आठवड्यात आहे.